विषय घाणीचा, साथ हसण्याची: गोव्याच्या गावात दुर्लक्षित प्रश्नासाठी विनोद कसा वापरावा

ग्रामसभेत रस्त्यावर बोलणारे असतात, विजेच्या खांबावर बोलणारे असतात, नळाला पाणी नाही म्हणून टेबल बडवणारेही असतात. घरामागच्या सेप्टिक टाकीबद्दल मात्र कुणी उठून बोलत नाही. ती जमिनीखाली, तिचा विषय जेवणाच्या वेळी काढायचा नाही, आणि ती भरली आहे असे चारचौघांत सांगणे म्हणजे घरची लाज वेशीवर टांगणे. म्हणून प्रश्न जिथल्या तिथे मुरत राहतो. गोव्यात तो जास्तच मुरतो. आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र. पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आणि गावातल्या बहुतेक घरांपर्यंत मलनिस्सारणाची वाहिनी पोचलेलीच नाही. टाकीतून झिरपलेले पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीत जाते.

ज्या प्रश्नाबद्दल बोलायची लाज वाटते तो प्रश्न आधी बोलता आला पाहिजे. पत्रके वाटून ते होत नाही, भाषणाने तर माणसे आणखीच मान खाली घालतात. हसणे ते करू शकते, कारण एकत्र हसलेल्या माणसांना त्या विषयाची एकमेकांपुढे लाज उरत नाही. इथे मी सेप्टिक टाकीचेच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. तुमच्या गावात प्रश्न वेगळा असेल, पण रीत हीच चालेल.

आधी विषय पाठ करा

विनोदी लेखन सुचण्याआधी दोन आठवडे फक्त माहिती गोळा करण्यात घाला. हा भाग रटाळ वाटतो आणि बहुतेक उत्साही मंडळे तो गाळतात. मग प्रयोगात एक आकडा चुकतो, आणि ज्यांना विषय दाबायचा आहे त्यांना तेवढेच निमित्त पुरते.

टाकीचे काम साधे आहे. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी सोकपिटात, म्हणजे शोषखड्ड्यात, जाऊन जमिनीत मुरते. गाळ उपसला नाही तर तो साठत वर येतो आणि टाकी नुसती मोरी होते, येईल ते तसेच पुढे ढकलते. म्हणून टाकी दोन ते तीन वर्षांतून एकदा उपसायची असते. भारतीय मानकाप्रमाणे सोकपिट पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून किमान १८ मीटर दूर हवा. आपल्याकडे जुन्या घरांत ज्याला टाकी म्हणतात तो पुष्कळदा तळ न बांधलेला चिऱ्यांचा खड्डा असतो. त्यात टाकी आणि सोकपिट असा भेदच नसतो.

पाण्याची प्राथमिक परीक्षा स्वस्तात होते. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची छोटी बाटली मिळते. तीत विहिरीचे पाणी खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवायचे. मैल्यातले जंतू असतील तर २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडते. बाटली काळी पडली नाही म्हणजे पाणी निर्दोष असे मानू नका. काळी पडली तर मात्र लगेच सरकारी प्रयोगशाळेत नमुना द्या आणि तोवर पाणी खळखळून उकळून प्या. ही बाटली लक्षात ठेवा, पुढे रंगमंचावर तिचे मोठे काम आहे.

माहिती कागदावर असते तशी माणसांकडेही असते. गवंडी, प्लंबर आणि टँकरवाला यांच्याबरोबर चहा घ्या. कुणाच्या घरी झाकणावर लादी घातली गेली, कुणी टाकीवरच गॅरेज बांधले, हे त्यांना ठाऊक असते, आणि ते सांगताना ते हसतात. त्यांचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहून घ्या, नावे मात्र लिहू नका. तुमच्या प्रयोगातले सगळ्यात चांगले संवाद याच वहीतून येतील.

एकच मागणी ठरवा

लोक हसले, घरी गेले, आणि सकाळी त्यांनी काय करायचे? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर लिहायला बसू नका. ‘स्वच्छतेविषयी जागृती’ ही मागणी नव्हे. ‘पाऊस लागण्यापूर्वी टाकी उपसून घ्या आणि टँकर कुठे रिकामा केला त्याची पावती मागा’ ही मागणी आहे. तिला मुदत आहे, ती घरमालकाच्या हातातली आहे, आणि केली की नाही हे मोजता येते. पावतीचा आग्रह सोडू नका. उपसलेला मैला रात्री शेतात किंवा ओहोळात ओतला गेला तर आपण आपली घाण फक्त शेजारच्या गावाला पाठवली. मैला जायला हवा तो मलनिस्सारण प्रकल्पात. पणजीजवळ टोंक, मडगावजवळ शिरवडे, वास्कोत बायणा अशी ठिकाणे आहेत.

कुणावर हसायचे, कुणावर नाही

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवा. विनोद चुकीच्या माणसावर पडला तर तो प्रश्न सोडवत नाही, नवा अन्याय करतो.

सफाईच्या कामावर आणि ते करणाऱ्यांवर एकही विनोद नको. या देशात हे काम जातीने लादले गेले, आणि टाकीत उतरून आजही माणसे मरतात. हाताने मैला उपसायला लावण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. टाकीतला वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो, वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. प्रयोगात हा भाग आला तर तिथे हसू पूर्ण थांबले पाहिजे. नटाने साध्या आवाजात दोन वाक्ये बोलावी: टाकीत कुणी उतरू नये, झाकण उघडून काडी पेटवू नये. मग पुढे जावे.

दुसरा मोह जास्त ओळखीचा आहे. गोव्यात कुठल्याही घाणीचा दोष ‘भायल्यां’वर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर, टाकला की टाळ्या हमखास. भाड्याच्या खोल्यांत दहा-दहा मजूर राहतात, त्यांच्यामुळे टाकी भरते, असा संवाद लिहायला फार सोपा. तो लिहू नका. खोली बांधली कुणी, भाडे घेतो कोण, एका शौचकूपावर दहा माणसे कुणी ठेवली? टाकी घरमालकाची आहे. टाळ्यांसाठी परक्याला हसलात तर घरमालक निर्धास्त होऊन घरी जातो आणि टाकी तशीच राहते.

मग हसायचे कुणावर? आपल्या सगळ्यांच्या दिखाव्यावर. गेटला दर चतुर्थीला नवा रंग आणि टाकीचे झाकण कुठे ते ठाऊक नाही, हा विसंवाद घरोघरी आहे. त्यावर हसताना प्रत्येकजण स्वतःलाच हसतो आणि कुणी एकटा पडत नाही.

कोलंबियात बोगोटा शहराचे महापौर अँटनास मॉकस यांनी १९९५ नंतर चौकाचौकांत मूकनट उभे केले होते. सुरुवातीला २०, पुढे शेकडो. सिग्नल तोडणाऱ्याच्या मागे चालत ते त्याची हुबेहूब नक्कल करत. दंडाच्या पावतीपेक्षा भर चौकातली थट्टा लोकांना जास्त लागते असा त्यांचा अंदाज होता आणि तो बराच खरा ठरला. पण ही युक्ती जशीच्या तशी गावात आणू नका. लाखोंच्या शहरात नक्कल झालेला माणूस पुढच्या वळणावर अनोळखी होतो. आपल्या वाड्यावर त्याची मुले उद्या शाळेत जाणार असतात, त्याची सून पाण्याला त्याच विहिरीवर येणार असते. गावात पात्र काल्पनिकच हवे, आणि ते गावातल्या कुणासारखे दिसत असेल तर मिशी बदला, धंदा बदला, गाडी बदला.

सरपंच आणि पंचांचे काय? त्यांची टिंगल करून पहिली रात्र गाजते आणि पुढची पाच वर्षे दार बंद होते. मी त्यांना आधी भेटून प्रयोगातली एखादी छोटी भूमिका देऊ करण्याच्या मताची आहे. सरपंच स्वतः मंचावर येऊन ‘माझ्या घरचे झाकणही मला सापडले नव्हते’ म्हणाला, तर अर्धे गाव दुसऱ्या दिवशी आपले झाकण शोधायला लागेल.

लिहायचे कसे

आपल्याकडे साचे तयार आहेत, बाहेरून आणायची गरज नाही. काल्याच्या लोकनाट्यात काळ्या वेषातला संकासूर भटजींना उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करतो आणि आबालवृद्ध हसतात. धालो या बायकांच्या नाच-गाण्यांच्या उत्सवात शेवटच्या रात्री त्या सोंगे आणतात. दिवाडी बेटावरच्या बोंदेराम उत्सवात, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, पोर्तुगीज अमदानीतल्या हद्दीच्या निशाणांची थट्टा आजही मिरवते. गाडगेबाबा गावात शिरताच आधी झाडू चालवत आणि रात्री कीर्तनात नुसते प्रश्न विचारत. उत्तर समोरचे लोकच देत, आणि आपल्याच तोंडून आलेले उत्तर नाकारता येत नाही. प्रश्न विचारणारे भोळे पात्र हे या सगळ्यातून घेण्यासारखे पहिले तंत्र. संकासुराचा वेष मात्र उचलू नका, तो देवकार्याचा भाग आहे. त्याची प्रश्न विचारायची रीत घ्या.

जत्रेच्या नाटकात दोन अंकांच्या मधल्या वेळेत सहा-सात मिनिटांचा प्रवेश सहज बसतो. स्थळ पाहण्याचा प्रसंग घ्या. मुलीकडचे मुलाचे घर बघायला आले आहेत.

यजमान: ही इटालियन लादी. हे मॉड्युलर किचन. हा गेट, रिमोटवर उघडतो.
पाहुणा: छान. आणि टाकी?
यजमान: वर आहे. हजार लिटरची.
पाहुणा: वरची नव्हे हो. खालची.
यजमान: खालची... आहे.
पाहुणा: कुठे?
यजमान: आमच्या बाबांना ठाऊक होते.
पाहुणा: मग त्यांना विचारू.
यजमान: ते वारले.
पाहुणा: अरेरे. कधी?
यजमान: टाकी बांधली त्याच वर्षी.
आजी (कोपऱ्यातल्या खुर्चीवरून): मला ठाऊक आहे रे. पंधरा वर्षांत मला कुणी विचारलेच नाही. पाहुणे उभे आहेत ना, तिथेच.

यात घाणीचा एक शब्दही नाही, तरी विषय पूर्ण आला. शिवाय प्रवेश संपताना प्रेक्षकाच्या हातात काम आले: घरी जाऊन आजीला विचारायचे. विनोदाच्या पोटात कृती अशी लपवता आली तर शेवटी वेगळा उपदेश जोडावा लागत नाही, आणि जोडूही नये.

दुसरे तंत्र म्हणजे हलक्या विषयाला भारदस्त पोशाख. लग्नपत्रिका यासाठी फार उपयोगी, कारण तिची भाषा सगळ्यांना पाठ असते आणि एक शब्द बदलला की हसू फुटते. खरोखरच्या पत्रिकेसारखी छापा, हळदीकुंकवाची बोटे लावा आणि घरोघर द्या:

‘आमच्या येथे पावसाच्या कृपेने, मागील दारचा चि. सोकपिट (वय वर्षे पंधरा, आजवर एकदाही न उपसलेला) आणि पुढील दारची चि. सौ. कां. विहीर (स्वभावाने गोड) यांचा विवाह मृग नक्षत्रावर योजिला आहे. वधूवरांतील अंतर फक्त सहा मीटर. वरात जमिनीखालून निघेल. कृपया आहेर म्हणून क्लोरीन आणू नये. हा विवाह मोडू इच्छिणाऱ्यांनी मे अखेरपूर्वी टँकर बोलवावा. आमच्या विहीरमावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं! – चि. गप्पी व चि. बेडूक.’

पाठीमागे १८ मीटरचा नियम, बाटलीच्या चाचणीची माहिती आणि टँकरसाठी संपर्क, बस्स. क्लोरीनचे वाक्य मुद्दाम आहे. विहिरीत पूड टाकली की काम झाले असा समज पक्का आहे, पण झिरपणे चालूच राहिले तर पाणी पुन्हा दूषित होते.

बायकांच्या गटाला फुगडीचे गाणे सगळ्यात जवळचे. दोन-दोन ओळी पुरतात, आणि त्या त्यांनीच रचू द्या. सुरुवातीला नमुना म्हणून:

दारात माझ्या अंगण गं, अंगणाखाली काय?
लादीखाली टाकी गं, झाकण सापडत नाय!

रिमोटचा गेट गं, रंग त्याला नवा,
पंधरा वर्सांच्या टाकीला टँकर कुणी दावा!

डोळ्यांना दिसणारा विनोदही ठेवा. बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ साली रस्त्यातल्या मोठ्या खड्ड्यात पाणी रंगवून त्यात मगरीची प्रतिकृती सोडली. त्यांनी तक्रारीचा एक शब्द लिहिला नाही, चित्र देशभर गेले आणि खड्डा बुजवला गेला. आपल्याकडे तेवढा खर्चही नको. १८ मीटरची जाड दोरी घ्या, दोन्ही टोकांना झेंडूची माळ बांधा, आणि शाळेतली मुले ती घेऊन विहीर ते सोकपिट मापत वाड्यावरून फिरू द्यात. दोरी उरली, वाकली, दुसऱ्याच्या कुंपणात गेली की लोक हसतात, आणि हसता हसता अंतर डोळ्यांनी बघतात. मला वाटते, या सगळ्या मोहिमेतली सगळ्यात कामाची वस्तू ही दोरीच.

किळस आणि हसू यांत फार कमी अंतर असते. मंचावर तपकिरी पाणी, चिखल, वासाचा फवारा यांतले काही आणू नका. लोक नाक मुरडतील, मुलांना उचलून घरी जातील आणि विषय पुन्हा निषिद्ध होईल. दाखवायचीच असेल तर एकच गोष्ट: काळी पडलेली बाटली आणि तिच्याशेजारी स्वच्छ राहिलेली बाटली. कुणाची विहीर ते सांगू नका.

आधी तीन माणसांना ऐकवा

लिहून झाले की एका आजीला, एका टँकरवाल्याला आणि गावातल्या सगळ्यात चिडखोर गृहस्थाला वाचून दाखवा. आजी न हसली तर भाषा जड झाली आहे. टँकरवाला गप्प झाला तर त्याला कुठेतरी लागले आहे, ते वाक्य काढा, का काढायचे म्हणून वाद घालू नका. चिडखोर गृहस्थ हसले पाहिजेत असे नाही. ते कुठल्या वाक्यावर उठून जातात तेवढे बघा. देवळाच्या मंडपात प्रयोग असेल तर देवस्थान समितीला संहिता आधी द्या. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्याचा साचा, ‘व्हय म्हाराजा’सकट, विनोदाला अतिशय पोषक आहे, पण देवासमोर घातल्या जाणाऱ्या शब्दांची नक्कल मी टाळेन. एक माणूस श्रद्धेने दुखावला तर चर्चा टाकीवरून देवावर जाते आणि परत येत नाही.

वेळ साधा

टाकी उपसायची तर फेब्रुवारी ते मे. म्हणून हसवायचे त्याच्या आधी. कार्तिकापासून जत्रा-काल्यांचा हंगाम, म्हणजे गावोगावची उत्सवी नाटके. १९ नोव्हेंबर हा जागतिक शौचालय दिन, वर्तमानपत्रांना त्या दिवशी या विषयाची बातमी हवीच असते. गोव्यात नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या रविवारी होतात, त्यातल्या जानेवारी आणि एप्रिलच्या आपल्या कामाच्या. फुगडी चतुर्थीला, पण तेव्हा पाऊस चालू असतो, त्यामुळे ती पुढच्या वर्षाची पेरणी समजा. दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर मला या कामाला सोयीचा वाटत नाही. रात्रभराच्या गोंगाटात बारीक विनोद ऐकू येत नाही.

शौचालय दिनामागेही विनोदच आहे. सिंगापूरचे जॅक सिम हे बांधकाम व्यवसायातले गृहस्थ. त्यांनी १९ नोव्हेंबर २००१ रोजी जागतिक शौचालय संघटना काढली आणि तिची इंग्रजी आद्याक्षरे मुद्दाम जागतिक व्यापार संघटनेसारखीच ठेवली: डब्ल्यूटीओ. शौचालयाच्या आसनाबरोबर छायाचित्रे काढून घेतली, ‘मिस्टर टॉयलेट’ हे नाव आनंदाने मिरवले. पत्रकार आधी हसायला आले आणि मग आकडे लिहून घेऊन गेले. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो दिवस अधिकृत केला. या बारा वर्षांत सिम विनोद करत राहिले, पण संघटनेचे काम, परिषदा, सरकारांशी बोलणी हे सगळे गंभीरपणे चालू होते.

हसू ओसरण्याआधी काम हातात द्या

थायलंडच्या मेचाई वीरवैद्य यांच्याकडून हे शिकावे. कुटुंबनियोजनाचा विषय तिथेही लाजेचा होता. १९७४ पासून त्यांच्या संस्थेने निरोध फुगवण्याच्या स्पर्धा घेतल्या, पोलिसांकरवी निरोध वाटले, पुढे त्या विषयावरचे उपाहारगृहच काढले. लोक पोट धरून हसले. पण त्याच वेळी खेडोपाडी स्थानिक माणसांना शिकवून साधने जवळच्या दुकानात मिळतील अशी सोय त्यांनी केली होती. हसलेल्या माणसाला लांब जावे लागले नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांच्या वर असलेला लोकसंख्यावाढीचा दर पुढच्या दोन दशकांत खूप खाली आला. त्याला इतर कारणेही होती, पण हसण्यामागे उभी केलेली सोय हे मोठे कारण होते.

तुमची सोय प्रयोगाच्या रात्रीच तयार हवी. मंडपाच्या दारात टेबल, त्यावर वही. नाव, वाडा, झाकण माहीत आहे की नाही, शेवटचे कधी उपसले. वाड्यावरच्या घरांनी मिळून एकाच दिवशी टँकर बोलावला तर प्रत्येकाचा खर्च कमी होतो, त्यासाठी टँकरवाल्याशी आधीच दर बोलून ठेवा आणि पावतीची अटही तेव्हाच घाला. झाकण शोधून लादी फोडायला एक गवंडी ठरवा. झाकण उघडायचे काम टँकरवाल्याचे, घरच्यांनी लांब उभे राहायचे.

ज्यांची दोरी उरली, म्हणजे विहीर १८ मीटरांच्या आत निघाली, ते विचारतील, आता घर हलवू का? त्यांना घाबरवून सोडू नका. टाकी वेळच्या वेळी उपसणे, तळ नसलेला खड्डा असेल तर बंदिस्त टाकी बांधणे, सोकपिट शक्य तितका लांब किंवा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला नेणे, आणि तोवर ती विहीर पिण्याऐवजी बागेसाठी वापरणे, हे मार्ग आहेत. पैसे नसलेल्या घरांसाठी मदत कुठून मिळेल हे पंचायतीला विचारायचा मुद्दा यादीत टाका.

भांडण झाले तर

होईलच. कुणीतरी मोबाईलवर प्रयोगातली वीस सेकंदे कापून ग्रुपवर टाकील आणि ‘आमच्या वाड्याची बदनामी’ म्हणेल. त्या ग्रुपवर उत्तर लिहीत बसू नका. पूर्ण चित्रफीत टाका, त्या माणसाच्या घरी जा, ऐकून घ्या. त्याचे खरोखर दुखले असेल तर ते वाक्य पुढच्या प्रयोगातून काढा आणि काढले हे त्याला सांगा. तो भाड्याच्या खोल्यांचा मालक असेल आणि टाकीचा विषय बंद करायला आला असेल, तर चहा प्या, नम्रपणे नाही म्हणा, प्रयोग चालू ठेवा. या दोघांतला फरक ओळखायला कठीण नसतो: पहिला एका वाक्याबद्दल बोलतो, दुसरा संपूर्ण विषयाबद्दल.

ग्रामसभेत विनोद घरी ठेवा

इतके दिवस हसवून विषय बोलता केला, तो आता सरळ शब्दांत मांडायचा. ग्रामसभेत थट्टा केली तर समोरच्यांना तोही एक प्रवेश वाटेल आणि ते टाळी वाजवून पुढच्या मुद्द्यावर जातील. ठराव लेखी द्या, सूचक आणि अनुमोदकांची नावे घाला, पोच घ्या. मसुदा असा चालेल:

‘पंचायत क्षेत्रातील घरांच्या सेप्टिक टाक्यांची नोंदवही करावी. टाकी शेवटची कधी उपसली आणि मैला कोणत्या प्रकल्पात नेला याची पावती नोंदवहीला जोडावी. सार्वजनिक विहिरींच्या पाण्याची तपासणी पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी करून निष्कर्ष फलकावर लावावा. उघड्यावर मैला ओतणाऱ्या टँकरवर पंचायतीने कारवाईसाठी संबंधित खात्याला कळवावे.’

मागे बसलेल्यांनी मोठ्या आवाजात ‘मंजूर’ म्हणावे म्हणून प्रयोगातले सगळे कलाकार त्या दिवशी हजर हवेत. इतिवृत्तात ठराव तसाच उतरला की नाही ते सचिवाकडून बघून घ्या. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाते तेव्हा कान तिथे ठेवा.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडे वाचून दाखवा: किती घरांची झाकणे सापडली, किती टाक्या उपसल्या, त्यांपैकी किती पावत्या आल्या, पाऊस लागल्यावर किती बाटल्या काळ्या पडल्या. टाक्या आणि पावत्या यांच्या आकड्यांत फरक असेल तर उरलेले टँकर कुठे रिकामे झाले हा प्रश्न त्याच सभेत विचारा, आणि नव्या हंगामाचा प्रवेश त्यावरच लिहायला घ्या.